नोकरी सांभाळून जुना बंगला दुरुस्त करायचाय? सांगलीतल्या नवख्यांसाठी कामाचा क्रम

सांगलीत विश्रामबाग, वानलेसवाडी, गुलमोहर कॉलनी या भागात सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेले बंगले आता दुसऱ्या पिढीच्या ताब्यात आलेत. खाली हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं धुण्याची जागा, वर गच्ची, पुढं जास्वंद आणि एखादं नारळाचं झाड. बांधकाम दणकट, पण गच्ची गळते, जोत्याजवळ रंग टिकत नाही, वायरिंग अजून लाकडी पट्टीवर. पाडून अपार्टमेंट करायची इच्छा नाही, सगळं एका ठेकेदाराच्या गळ्यात घालण्याइतका पैसा नाही आणि नोकरी तर सोडता येत नाही. अशा घरमालकांसाठी हा क्रम. कुपवाडची नोकरी सांभाळून, त्याच घरात राहून मी तो वापरला आहे.

"स्वतः करायचं" म्हणजे प्रत्येक वीट स्वतः लावायची असं नाही. ठेकेदाराची जागा तुम्ही घ्यायची: काय, कधी, कुठल्या मालानं आणि कोणाच्या हातून हे तुम्ही ठरवायचं, आणि ज्या कामात चुकलं तरी जीव किंवा छत जाणार नाही ती कामं स्वतःच्या हातानं करायची.

एक नियम मात्र आधीच पक्का करा. रविवारी संध्याकाळी सहा वाजता घर राहण्याजोगं असलं पाहिजे. नळाला पाणी, एक संडास चालू, स्वयंपाकघरात दिवा, आणि एक खोली धूळमुक्त. सोमवारी सकाळी डबा घेऊन कामावर जायचं आहे. जे काम या वेळेपर्यंत थांबवता येत नाही ते रविवारचं काम नव्हे. त्याला रजा किंवा माणूस लागेल. नोकरदाराची अशी दुरुस्ती रखडते ती बहुधा हाताला कसब नसल्यामुळं नाही. मधेच थांबवता न येणारं काम शनिवारी दुपारी उघडून बसल्यामुळं ती रखडते.

पायरी १: पावसाळ्यात फक्त बघा

जून ते सप्टेंबर हातोडी उचलायची नाही. या काळात घर स्वतःच आपली दुखणी दाखवतं, ती टिपून घ्यायची. एक वही करा, प्रत्येक खोलीला एक पान. जोरदार सर येऊन गेली की छताखाली फिरा. डाग कुठं आला, पाऊस थांबल्यावर किती वेळानं आला, किती दिवसांनी वाळला हे लिहा. पाऊस सुरू असतानाच येणारं पाणी बहुतेक थेट भेगेतून किंवा पावसाच्या पाइपाच्या तोंडातून येतं. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांनी उमटणारा डाग कोब्यात (गच्चीवरच्या विटा-सिमेंटच्या उताराच्या थरात) साठलेल्या पाण्याचा असतो. दोन्हींचा इलाज वेगळा आहे आणि खर्चही.

भिंतीवरची ओल बाहेरून येते की खोलीतल्या दमटपणानं धरते हे कळत नसेल, तर दोन फूट बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या आत, भिंतीच्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दव धरलं तर खोलीत हवा खेळत नाही, आणि तिथं हजारो रुपयांचं वॉटरप्रूफिंग करण्यापेक्षा एक एक्झॉस्ट पंखा बसवणं पुरेसं ठरेल.

भेगांचा हिशेब सांगलीत वेगळा ठेवावा लागतो, कारण खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आकसून जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. उथळ पायाचं घर तिच्याबरोबर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग हे त्याचं नेहमीचं रूप. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा आणि मधोमध प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा ठिपका लावा. ठिपका वर्षभर अखंड राहिला तर भेग जुनी, झोपलेली; ती भरून रंगवून टाका. मेमध्ये तडकला आणि भेग पेन्सिलीच्या रेघेपुढं गेली तर घर अजून हलतंय. अशी भेग भरणं म्हणजे पैसे पाण्यात. तिथं आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बाकीचे.

स्लॅबच्या पोटाला हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकत फिरा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आतलं काँक्रीट सळईपासून सुटलंय. सळई गंजली की तो गंज लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीटची कपची ढकलून पाडतो. बाथरूमचं छत, गच्चीचा कठडा, सज्जे आणि बाल्कनी या जागा आधी तपासा. तव्याएवढा तुकडा असेल तर दुरुस्ती आपल्या आवाक्यातली. अर्धी खोली बद्द वाजत असेल तर लेख इथंच बाजूला ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा. त्याची फी हा संपूर्ण कामातला सगळ्यात स्वस्त खर्च असतो.

पायरी २: तुमचं काय आणि दुसऱ्याचं काय

जुन्या बंगल्यात बहुतेक वेळा भिंतीच छताचा भार घेतात. नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंत म्हणजे भारवाहक समजूनच चाला. हॉल मोठा करायला ती पाडायची हौस सगळ्यांना येते. साडेचार इंची भिंत बहुधा नुसता आडोसा असतो, पण वर तुळई नसेल आणि स्लॅब वर्षानुवर्षं वाकून तिच्यावर टेकला असेल तर तीही काढताना माणूस विचारून काढावी.

स्वतः करण्याची कामं: जुना रंग खरवडणं, पुट्टी, रंग, गच्चीचं कोटिंग, दारं-खिडक्या घासून पॉलिश, फरशीच्या सांध्यात ग्राउट भरणं, नळाचे वॉशर, छोटं प्लास्टर. माणसाकडून करून घेण्याची: कोबा, बाथरूमची टाइल, मोठं प्लास्टर, स्लॅबची मोठी दुरुस्ती. वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच, त्यात तडजोड नाही.

एक गवंडी आणि एक बिगारी ही नोकरदाराला सोयीची जोडी. काम अंगावर (ठरलेल्या दरानं) द्यायचं की हजेरीवर (रोजंदारीनं), हा प्रश्न येतोच. माझं मत असं: जे मोजता येतं ते अंगावर द्या (इतके चौरस फूट टाइल, इतकं प्लास्टर), आणि जे उघडल्याशिवाय कळत नाही ते हजेरीवर. गळकं बाथरूम अंगावर दिलं की आतली कुजलेली पाइप दिसली तरी गवंडी ती झाकून पुढं जातो, कारण त्याचा दिवस वाया जातो. मात्र हजेरीचं काम तुम्ही ऑफिसात असताना होऊ देऊ नका. ते रजेच्या दिवशी. माल स्वतः आणा, उचल द्यायची ती झालेल्या कामाच्या आत ठेवा, आणि लग्नसराई, गावची जत्रा, गणपती या दिवसांत गवंडी येणार नाही हे आधीच धरून चला. "उद्या येतो" याचा अर्थ परवा फोन करा.

पायरी ३: कागद

रंग, प्लास्टर, फरशी बदलणं, छत दुरुस्ती अशा डागडुजीला सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. खोली वाढवणं, गच्चीवर पत्र्याचं शेड टाकणं, भारवाहक भिंतीला हात लावणं याला लागते. राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे; तुमचं काम कशात बसतं ते सांगली मिरज कुपवाड महापालिकेच्या नगररचना विभागात, नाहीतर परवानाधारक आर्किटेक्टकडे आधी विचारून घ्या. राडारोडा टाकायची जागाही तेव्हाच विचारा. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा नाल्याकडेला तो ओतला की पुढच्या पावसात तेच पाणी तुमच्या गल्लीत येतं. शामरावनगरच्या लोकांना पाणी तुंबणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

पायरी ४: वर्षाचं आणि आठवड्याचं गणित

कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. नोव्हेंबर-डिसेंबर गच्ची, डिसेंबर-जानेवारी वायरिंग आणि पाइप, त्यानंतर बाथरूम, मग प्लास्टर आणि फरशी, शेवटी मार्च-एप्रिलमध्ये रंग. वरून खाली आणि आतून बाहेर. रंग आधी करून नंतर पाइप-वायरीसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) मारणारी घरं मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहावं लागतंय. सगळं एका हंगामात उरकायचा हट्ट नको; बाथरूम आणि फरशी पुढच्या वर्षावर गेली तरी छत आणि वायरिंग झालेलं घर निर्धास्त असतं.

मेमध्ये सिमेंटचं काम शक्यतो टाळा. चाळीस अंशांत प्लास्टर पाणी धरायच्या आत सुकतं आणि त्यावर केसासारख्या भेगा पडतात.

रजा कुठं खर्चायची? बहुतेक जण रंगाच्या वेळी आठवडाभर रजा टाकतात. माझ्या मते ती वाया जाते, कारण रंग संध्याकाळी आणि रविवारी तुकड्या-तुकड्यानं होतो. रजा टाका ज्या दिवशी काहीतरी कायमचं झाकलं जाणार आहे: भिंतीतले पाइप प्लास्टरखाली जाताना, बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर टाइल बसताना, कोबा पडताना. त्या दिवशी तुम्ही तिथं उभे असलं पाहिजे. झाकण्याआधी भिंतीला टेप लावून, माप दिसेल असे फोटो काढा. पुढं पडद्याचा रॉड ठोकताना पाइप कुठं आहे ते त्या फोटोतून कळेल.

आठवड्याच्या संध्याकाळी दीड-दोन तास मिळतात. त्यात आवाज न करणारी कामं ठेवा: ओलं घासकाम, बिजागऱ्यांना तेल, मापं, दुकानदाराला यादी. ग्राइंडर आणि छन्नी रविवारी सकाळी दहानंतर, आणि शेजारच्यांना आदल्या दिवशी सांगून. सांगलीत शेजारी अजून एकमेकांच्या घरी वाटी घेऊन जातात, ते नातं ग्राइंडरपायी घालवू नका.

कामावर जाण्याआधीची पाऊण तासाची पाळी पाणी मारण्यासाठी राखून ठेवा. सिमेंटच्या कामाला सात दिवस, आणि पीपीसी (राखमिश्रित) सिमेंट असेल तर दहा दिवस ओल लागते. हल्ली पिशवीवर बहुधा पीपीसीच असतं. दिवसभर घरी कोणी नसेल तर भिंतीला भिजवलेलं गोणपाट बांधा, वर प्लास्टिक टाका. सकाळी आणि संध्याकाळी भिजवलं की भागतं. गच्चीवर मातीची आळी करून पाणी साठवलं तर दुपारची चिंता नाही.

पायरी ५: गच्ची

सगळ्यात आधी पावसाच्या पाइपाचं तोंड बघा. नारळाच्या झावळ्यांचा चुरा, कबुतराची पिसं आणि जुन्या डिशची वायर यांनी ते अर्धं बुजलेलं असतं. ते मोकळं करून, जाळी बसवून अर्ध्या गळत्या थांबतात आणि खर्च एका जाळीचा होतो.

मग उतार. बादलीभर पाणी ओता आणि बघा. दर दहा फुटांना साधारण सव्वा इंच उतार पाइपाकडे हवा. पाणी मधे थांबत असेल तर गवंडी हमखास म्हणेल, "साहेब, वरून अजून एक कोबा मारू." नको म्हणा. चार इंच कोब्याचं वजन एका चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं आणि तुमच्या स्लॅबवर वडिलांच्या काळचा एक थर आधीच असतो. जुना कोबा पोकळ वाजत असेल तर तो काढून मगच नवा. काढलेला राडा एका कोपऱ्यात रचू नका, रोजच्या रोज खाली उतरवा. ढिगाचं वजनही त्याच स्लॅबवर असतं.

जुना कोबा टणक असेल आणि नुसत्या भेगा असतील तर हे काम तुमचं. तारेच्या ब्रशनं शेवाळ आणि पापुद्रे काढा, धुवा, दोन-तीन दिवस कडकडीत वाळू द्या. भेगा छन्नीनं इंग्रजी व्ही आकारात उघडा, धूळ फुंकून काढा आणि पॉलिमर मिसळलेल्या मालानं भरा. गच्ची आणि कठडा मिळतो तो काटकोन गोल करून घ्या, गवंडी त्याला वाटा म्हणतात. गळती बहुतेक वेळा याच सांध्यातून सुरू होते. मग कोटिंगचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा, आणि कठड्यावर किमान एक फूट वर चढवून. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ द्या. हे काम शनिवार-रविवारच्या साच्यात चांगलं बसतं: शनिवारी भेगा, रविवारी पहिला हात, पुढच्या रविवारी दुसरा.

चाचणी घ्यायला पाइपाचं तोंड बांधून दोन इंच पाणी दोन दिवस साठवा आणि खालून बघा. दोन इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला पन्नास किलो. ज्या स्लॅबच्या सळया उघड्या पडल्यात त्याच्यावर ही चाचणी करू नका.

पोटाला सुटलेली सळई अशी हाताळा: सैल काँक्रीट पूर्ण काढा, सळई सगळ्या बाजूंनी तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, गंजरोधक प्राइमर लावा, मग बाँडिंग लिक्विड आणि पॉलिमर मॉर्टर थराथरानं दाबून बसवा. सळई घासल्यावर बारीक झालेली दिसली तर थांबा, ते काम इंजिनिअरचं.

मागच्या बाजूला जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं शेड असेल तर त्याला कापू, घासू किंवा भोकं पाडू नका. त्यात ॲसबेस्टॉस असतो, त्याची धूळ फुप्फुसात बसते ती बाहेर निघत नाही. बदलायचाच असेल तर पाणी मारत, नटबोल्ट उघडून अख्खा पत्रा उतरवा.

पायरी ६: जोत्याची ओल

खालच्या तीन फुटांत रंग फुगतो, पांढरी भुकटी येते, प्लास्टर हातात येतं. याला लोणा लागणं म्हणतात. भिंत जमिनीतलं पाणी शोषून वर नेते, पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच राहतात. त्यावर पुट्टी आणि महागडा रंग मारला की एक पावसाळा जातो, दुसऱ्यात सगळं सोलून निघतं.

आधी बाहेर जा. भिंतीला टेकून केलेला जास्वंदीचा वाफा जोत्याच्या वर माती आणून ठेवतो. तो दोन-तीन फूट लांब न्या. धुण्याच्या जागेचं पाणी भिंतीच्या बुडात जिरतंय का बघा. मग घराभोवती तीन फूट रुंद फरसबंदी करा, उतार बाहेरच्या बाजूला, आणि भिंतीजवळचा सांधा नीट भरून. काळ्या मातीच्या घराला या फरसबंदीचा दुहेरी फायदा होतो: ओल थांबते, आणि पायाजवळची माती वर्षभर सारख्या ओलीत राहिल्यानं भेगाही कमी हलतात. मला विचाराल तर पैसे अपुरे असतील तेव्हा गच्चीनंतर हेच काम करा, बाकी सगळं थांबू द्या.

आत ओल दिसते त्याच्या वर एक फुटापर्यंत प्लास्टर काढून विटा उघड्या ठेवा. सांधे खरवडा. क्षार कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतले तर परत आत जातात. महिनाभर तरी वाळू द्या, दिसायला वाईट दिसलं तरी चालेल, पाहुण्यांना सांगा काम चालू आहे. मग वॉटरप्रूफिंग पावडर घातलेलं प्लास्टर. तिथं पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) अजिबात नको.

छोटं प्लास्टर स्वतः करणार असाल तर हिशेब असा: शंभर चौरस फूट, अर्धा इंच जाड, एकास सहा मापाचं (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) प्लास्टर करायला साधारण पाऊण पोतं सिमेंट आणि पाच-सहा घनफूट चाळलेली वाळू लागते. एकदम पोतंभर माल कालवू नका. अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवा, घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो वापरू नका. पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष बघून घ्या. तीन महिन्यांपेक्षा जुनं सिमेंट ताकद हरवतं. पहिला हात जिन्याखाली किंवा मागच्या भिंतीवर आजमावा. हॉलची भिंत शिकायची जागा नाही.

पायरी ७: वीज

जुन्या घरात लाकडी पट्टीवरच्या ॲल्युमिनियमच्या वायरी आणि किटकॅट (चिनी मातीचे जुने) फ्यूज असतात. ते पंखे आणि बल्बसाठी होतं, त्यावर आता गीझर, मिक्सर, इन्व्हर्टर आणि एसी चालतोय. अर्धवट बदलू नका, पूर्ण बदला.

तुमचं काम कागदावरचं आणि खडूचं. प्रत्येक खोलीत रात्री उभं राहून पॉइंट ठरवा आणि भिंतीवर खडूनं खूण करा. पलंगाच्या दोन्ही बाजूंना प्लग, ओट्यावर निदान चार. मग वायरमनला सांगा: दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार, सगळी तांब्याची. प्रत्येक मोठ्या उपकरणाला वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच). हा शेवटचा डबा महाग वाटतो म्हणून गाळला जातो. ओल्या हातानं गीझरचं बटण दाबणाऱ्या घरात तो गाळू नये. अर्थिंगचा खड्डा नवीन करून घ्या. एसी वाढणार असेल तर महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्या.

घरात राहूनच हे करायचं असल्यानं एका रविवारी एक खोली असा क्रम लावा आणि जुना बोर्ड शेवटी काढा.

इथंच पुराची गोष्ट येते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी, हे आकडे सांगलीकराला पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, जुलै २०२१ मध्ये ५४ च्या पुढं. कोयना धरणाचा विसर्ग आणि वरचा पाऊस एकत्र आला की हे होतं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं पाणी तुंबतं का हा वाद चालू राहील, आपण आपल्या भिंतीवरची खूण बघावी. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड अशा भागात घर असेल तर प्लग आणि मुख्य बोर्ड २०१९ च्या खुणेच्या वर न्या, नाहीतर तळमजल्याचं सर्किट वेगळं करा, म्हणजे तेवढंच बंद करता येतं. खालच्या कपाटांत प्लायवूडऐवजी कडप्प्याचे कप्पे, भिंतीला पीओपीऐवजी सिमेंटचंच काम. पूर ओसरल्यावर चिखल धुऊन टाकला की असं घर पुन्हा उभं राहतं, फुगलेलं प्लाय मात्र रस्त्यावर फेकावं लागतं.

पायरी ८: नळ आणि बाथरूम

दोन बाथरूम असतील तर एका वेळी एकच उघडा. एकच असेल तर मागच्या धुण्याच्या जागेत तात्पुरता आडोसा आणि नळ करून मगच हात घाला. बाथरूम हे थांबवता न येणारं काम आहे, त्याला सलग रजा आणि माणूस दोन्ही लागतं.

क्रम असा: जुनी टाइल आणि गंजकी जीआय (लोखंडी) पाइप काढा, गरम पाण्याला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारी प्लास्टिकची पाइप) टाका, सांधे जोडायचं सोल्युशन एक दिवस वाळू द्या, मग दाबाची चाचणी. त्यानंतर वॉटरप्रूफिंग, आणि पुन्हा पाणी साठवून दोन दिवस चाचणी. मगच टाइल. गळती सापडते ती बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी जायच्या तोंडाच्या) भोवती. ट्रॅपच्या गळ्याभोवतीचा माल नीट ठासून भरला आहे आणि वॉटरप्रूफिंगचा थर ट्रॅपच्या आत वळवला आहे, हे वाकून, टॉर्च मारून स्वतः बघा. टाइल लागल्यावर ते दिसत नाही. फरशीचा उतार गोटी सोडून तपासा.

पायरी ९: फरशी

मोझॅक असेल तर काढू नका. लोक चार-चार खोल्यांचं मोझॅक फोडून व्हिट्रिफाइड टाइल टाकतात आणि महिनाभर धूळ खातात. तेच मोझॅक मशीननं घासून, ऑक्झॅलिक पावडरनं चमकवलं की उन्हाळ्यात पायाला गार लागतं आणि पुढं अनेक वर्षं बघावं लागत नाही. आधी पोकळ वाजणाऱ्या फरशा उचलून बसवा, सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरा, मग मशीन. घासताना निघणारी चिकट रबडी नहाणीत जाऊ देऊ नका, पाइपात ती दगडासारखी बसते. बादलीत भरून बाहेर टाका. एका रविवारी एक खोली.

शहाबादीला तर फक्त सांधे आणि घासकाम.

पायरी १०: रंग

नवीन प्लास्टरला चार आठवडे द्या. जुना चुना आणि डिस्टेंपर पूर्ण खरवडा, नुसता वरून हात फिरवू नका. दारं-खिडक्यांवरच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची दाट शक्यता असते; घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भागांची) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच आली. म्हणून तो कोरडा घासायचा नाही. वॉटर पेपर, पाणी, चांगला मास्क, आणि लहान मुलं व गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी. खाली पसरलेला कागद गुंडाळून कचऱ्यात टाका, झाडू मारू नका.

त्यानंतर प्राइमर, सिमेंटच्या पुट्टीचे दोन पातळ हात, घासकाम, पुन्हा प्राइमर, रंगाचे दोन हात. पुट्टी म्हणजे वाकडी भिंत सरळ करायचं साधन नाही. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर गेले की ती सुटते. रात्री भिंतीला चिकटवून आडवा टॉर्च मारला की घासायचे राहिलेले उंचवटे दिसतात. एका खोलीचा सगळा रंग एकदम एका बादलीत मिसळून घ्या, नाहीतर दोन डब्यांतला फरक उन्हात कळतो.

काम उरकल्यावर शेडचा नंबर आणि डब्याचं नाव कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, प्रत्येक प्रकारच्या दहा-बारा टाइल जिन्याखाली उभ्या ठेवा. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला पुन्हा तीच वही घेऊन छताखाली फिरा आणि पुढच्या दिवाळीनंतरची यादी करायला घ्या.